ताट फिरवणारी

तक्रार विभागातले भाऊ कुणाचं ऐकून घेत नसत असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. ऐकायचे ना, पण कागदावर. इस्पितळात कुणी रडत-भेकत, हातवारे करत त्यांच्या टेबलापाशी आलं, की भाऊ चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि म्हणायचे, "लिहून द्या. तोंडचं बोलणं हवेत जातं." मग माणूस गप्प व्हायचा, खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातला एक छापील अर्ज फाडून घ्यायचा आणि भिंतीला टेकून लिहायला लागायचा. प्रत्येक वॉर्डात असा एक खिळा होता, खिळ्याला गठ्ठा होता आणि खाली कुलूपबंद पेटी. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

या अर्जांची एक शिस्त होती, आणि ती भाऊंनी लावली होती. वर विभाग, कर्मचाऱ्याचा हुद्दा आणि बिल्ल्याचा नंबर. मध्ये तपशील. सगळ्यात खाली अर्ज करणाऱ्याचं नाव आणि सही. ही खालची पट्टी रेकॉर्डच्या बाई पेटी उघडल्या उघडल्या वर दुमडून डिंकाने चिकटवून टाकायच्या, म्हणजे तक्रार कुणी केली हे खुद्द भाऊंनाही कळू नये. पूर्वी एकदा अर्ज करणाऱ्या पेशंटचे फार हाल झाले होते, तेव्हापासून ही पट्टी आली. पंखा, नळ, खाट यांच्या तक्रारीचा तपशील भाऊ वाचायचे, कारण त्याशिवाय दुरुस्ती कशाची करणार? पण माणसाचा अर्ज असला, की नंबर बघायचे, तारीख बघायची, लाल पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करायची आणि कागद गठ्ठ्यात. मधला मजकूर वाचायचा नाही.

का नाही? तर त्यालाही कारण होतं, आणि भाऊ ते नव्या अधीक्षकांना दर वेळी ऐकवायचे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी असाच एक अर्ज वाचला होता. लिहिणाऱ्याचा हात असा काही चालला होता, की वाचता वाचता भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापायी एका वॉर्डबॉयची नोकरी गेली, आणि महिन्याभराने कळलं की अर्ज धादांत खोटा होता. त्या दिवशी भाऊंनी कानाला खडा लावला. "ज्याला लिहिता येतं त्याचं खरं ठरतं आणि ज्याला येत नाही त्याचं खोटं. त्यापेक्षा मोजा. सहा महिन्यांत एका नंबरावर तीन कागद आले, की काहीतरी पाणी मुरतंय." पक्क्या नोकरीतल्यांची तरी रीतसर चौकशी व्हायची, कंत्राटी माणसांना मात्र तीन कागद पुरत. भाऊ गोषवारा पाठवायचे, माणसाकडून खुलासा मागवला जायचा, आणि बहुतेक वेळा कंत्राटदार त्याचं नाव काढून टाकायचा. सात वर्षांपूर्वी लिफ्टवाला असाच गेला. तेव्हापासून लिफ्ट वेळेवर चालते, हे भाऊ अभिमानाने सांगत.

त्या सोमवारी पेटीतून निघालेल्या कागदांत एक विचित्र अर्ज होता. सगळा मजकूर कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने कोंबलेला, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली, आणि डावी बाजू कोरी करकरीत.

"कमाल आहे," भाऊ म्हणाले. "अर्धा कागद फुकट घालवला. लोकांना साधा अर्ज भरता येऊ नये?"

"आजारी माणसं असतात, भाऊ," रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या. मान खाली घालून त्या डिंकाची बाटली पुसत होत्या. त्या दिवशी पट्टी चिकटवताना त्यांनी नाव पाहिलं होतं की नाही, देव जाणे. नावाकडे बघायचं नाही हीसुद्धा भाऊंचीच शिकवण, आणि बाई शिकवणीच्या पक्क्या होत्या.

नंबर मात्र स्वच्छ लिहिला होता. वॉर्ड सात, मावशी, बिल्ला एकशेचौदा. भाऊंनी वही उघडली. एकशेचौदावर याआधीचे दोन होते. त्यांनी लाल खूण केली, गोषवारा लिहिला आणि खाली सही ठोकली. चहा यायच्या आत काम उरकलं.

*

वॉर्ड सात म्हणजे जिथे अक्का होती तोच वॉर्ड. हे भाऊंच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण त्यांच्या नियमात नाती बसत नव्हती.

अक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भाऊ पाच वर्षांचे होते आणि अक्का सतराची. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, परीक्षेच्या वेळी पहाटे पहाटे उठवलं. स्वतःचं लग्न आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं, आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. तिची एक खोड होती. रोज जेवायला बसलं, की ती विचारायची, "धाकट्या, आज तुझ्याशी कोण चांगलं वागलं?" लहानपणी भाऊ सांगायचे. कुणी पेन्सिल दिली, कुणी रस्ता ओलांडून दिला. पुढे नोकरी लागली, दिवसभर तक्रारी अंगावर घ्यायचं काम आलं, आणि ते म्हणायला लागले, "कुणी नाही. वाढ." अक्का आपली स्वतःचं सांगायची. पोस्टमनने दोन जिने चढून पत्र हातात दिलं. नळ दुरुस्त करणाऱ्याने जाताना फरशी पुसली. "त्याचं कामच आहे ते," भाऊ म्हणायचे. "काम आहेच रे. पण फरशी त्याच्या कामात नव्हती," असं म्हणून अक्का त्यांच्या पानात वाढायची.

दीड महिन्यापूर्वी अक्का सकाळी अंथरुणातून उठलीच नाही. डावं अंग गेलं होतं. बोलणं शाबूत होतं, पण जड झालं होतं. डॉक्टरांनी भाऊंना समजावलं होतं, "त्यांची डावी बाजू त्यांना कळत नाही." भाऊंनी मान डोलावली. डावा हात, डावा पाय, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं.

ऑफिस सुटलं की साडेपाच ते साडेसहा ते वॉर्डात बसत. बसत म्हणजे काय, तपासणी करत. खिशात छोटी वही असायचीच. खिडकीची काच तडकलेली. औषधाच्या गाडीचं चाक वाजतं. दुपारपाळीच्या मावशीच्या एप्रनला वरचं बटण नाही. आणि रोजचीच एक नोंद: स्टूल जागेवर नसतं. स्टूलाची जागा खाटेच्या डाव्या अंगाला, भिंतीशी. पण भाऊ येऊन बघतात तर रोज कुणीतरी ते उचलून उजवीकडे ठेवलेलं असायचं. पहिल्या दिवसांत त्यांनी ते उचलून पुन्हा डावीकडे नेलंही होतं, पण तिथे बसलं की अक्का तोंड फिरवून पलीकडेच बघत राहायची. भाऊंना वाटायचं, रुसलीय. मग कंटाळून ते उजवीकडेच बसायला लागले.

"या मावशी फार चांगल्या आहेत हं," अक्का एकदा म्हणाली होती.

"बटण नाही एप्रनला," भाऊ म्हणाले.

अक्का हसली होती. हसताना तिचा अर्धाच ओठ हलायचा, आणि भाऊंना ते बघवत नसे, म्हणून ते वहीत डोकं घालायचे.

*

मंगळवारी मावशी वॉर्डात दिसली नाही. खुलासा येईपर्यंत तिला खाली लाँड्रीत चादरी मोजायला बसवलं होतं. तिच्या जागी आलेली बाई कामाला वाघीण होती. हां हां म्हणता अख्ख्या वॉर्डाची ताटं वाटायची आणि हां हां म्हणता गोळा करायची. भाऊंनी वहीत लिहिलंसुद्धा: काम चपळ.

गुरुवारी वॉर्डाच्या सिस्टरने त्यांना गाठलं. "तीन दिवस झाले, तुमच्या अक्कांचं अर्धं जेवण परत जातंय. आधी सगळं संपवायच्या. वजन उतरायला लागलंय. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी घातलेली माणसं भाऊंनी याच इस्पितळात पाहिली होती. त्यातली किती जण पुन्हा हाताने जेवली, हेही त्यांना ठाऊक होतं.

"स्वयंपाकघराची चूक असणार," ते म्हणाले. "मी उद्या जेवणाच्या वेळेला थांबतो."

शुक्रवारी ते थांबले. सात वाजता ताट आलं. मऊ भात, उकडलेली भाजी, वाटीभर डाळ. नवी बाई ताट पुढ्यात ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. अक्का उजव्या हाताने जेवायला लागली. हळूहळू, पण आवडीने जेवत होती. भाऊंनी भात चाखून पाहिला, चांगला होता. डाळही चांगली होती. तक्रार कशाची लिहावी, हेच त्यांना कळेना.

मग अक्काने हात थांबवला. "झालं," ती म्हणाली. "आजकाल फारच थोडं वाढतात रे."

भाऊंनी ताटाकडे पाहिलं. बरोबर मधोमध रेघ मारावी तसं ते झालं होतं. उजवी बाजू चाटूनपुसून लख्ख, आणि डावीकडे अर्धा भात, सगळी भाजी जशीच्या तशी.

"अक्का, अगं एवढं टाकलंस की. भूक नाही का?"

"काय टाकलं? ताट रिकामं आहे." तिने खरोखरच गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "भूक आहे ना. पण आता मावशी नाहीत. त्या असल्या की ताट फिरवायच्या."

"फिरवायच्या म्हणजे?"

"फिरवायच्या म्हणजे फिरवायच्या. काय जादू करायच्या कुणास ठाऊक. ताट फिरवलं की पुन्हा वाढलेलं असायचं."

भाऊंनी हात पुढे केला. ताटाची कड धरून त्यांनी ते अर्धं फिरवलं. डावीकडचा भात उजवीकडे आला.

"अगंबाई!" अक्का म्हणाली. "आहे की अजून!" आणि ती पुन्हा जेवायला लागली.

डॉक्टर काय म्हणाले होते, ते भाऊंच्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं. हात आणि पायच नाही, जगाची सगळी डावी बाजूच अक्कासाठी उरलेली नव्हती. ताटातली नाही, खोलीतली नाही. डावीकडच्या स्टूलावर बसलेला भाऊसुद्धा तिला दिसत नव्हता. ती रुसली नव्हती. आणि रोज कुणीतरी ते स्टूल उचलून उजवीकडे ठेवत होतं, भाऊ त्याची रोज तक्रार लिहीत होते, आणि स्टूल ठेवणारी आपली ठेवतच होती.

"मी लिहून दिलंय हो मावशींचं," जेवता जेवता अक्का म्हणाली. "तूच म्हणतोस ना, तोंडचं बोलणं हवेत जातं. मग म्हटलं, लिहावं. खिळ्याला कागद होताच. शेजारच्या खाटेवरचीने पेटीत टाकला. मिळाला ना तुला?"

भाऊंच्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. अर्धा कोरा कागद त्यांना दिसत होता, आणि त्याच्या कोपऱ्यातली स्वतःची लाल खूणही.

"मिळाला," ते म्हणाले.

"वाचलास?"

"जेव तू," भाऊ म्हणाले. "भात गार होतोय."

*

शनिवारी अकरा वाजता अधीक्षकांपुढे एकशेचौदाची हजेरी होती. भाऊ आठलाच ऑफिसात आले. रेकॉर्डच्या बाई त्यांच्याही आधी येऊन टेबलं पुसत होत्या.

"बाई, एकशेचौदाचे कागद काढा. मला वाचायचेत."

बाईंचा हात थांबला. "माणसांचे अर्ज? भाऊ, तुम्हीच तर..."

"हो, मीच. काढा."

तीन कागद समोर आले. तिन्हींच्या कोपऱ्यात लाल खुणा होत्या. भाऊंनी तारखेच्या क्रमाने पहिला उचलला आणि वाचला, मग दुसरा. तिसरा त्यांनी उचलला, ठेवला, पाणी प्यायले, आणि मग उचलला. तो वाचताना त्यांचा चेहरा असा झाला, की रेकॉर्डच्या बाई न विचारताच खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"एकही तक्रार नाही हो बाई यात," भाऊ म्हणाले. "एकही नाही."

बाईंनी तिन्ही कागद सरळ करून एकावर एक ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "दुसरा कागद कुठं असतो लोकांकडं? चांगलं लिहायचं तरी याच्यावरच लिहिणार ना."

अकराला भाऊ तिन्ही कागद घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेले. मावशी दाराशी उभी होती. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. एप्रन धुऊन, इस्त्री करून आली होती, आणि वरचं बटण आता लावलेलं होतं, वेगळ्या रंगाचं. बिल्ला तिने आधीच काढून मुठीत धरला होता. कंत्राटदाराचा सुपरवायझर खुर्चीत बसला होता. त्यानेच लिहून आणलेला खुलासा टेबलावर पडला होता: माझी चूक झाली, क्षमा असावी. खाली तिची वाकडीतिकडी सही.

"खुलासा आलेला आहे," अधीक्षक घड्याळ बघत म्हणाले. "चूक मान्य आहे. सोमवारपासून दुसरी बाई येतेय. मिटलं. भाऊ, तुमचं काही आहे?"

"साहेब, अर्ज वाचून दाखवायचेत."

अधीक्षकांनी चमकून वर पाहिलं. एकतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. "वाचा," ते म्हणाले.

भाऊंनी पहिला वाचला. एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. त्याचा चष्मा चादरीत गुंडाळून लाँड्रीत गेला होता. मावशीने खाली जाऊन ढिगातल्या सगळ्या चादरी झटकल्या आणि चष्मा शोधून, पुसून त्याच्या डोळ्यांवर लावला.

मावशीने मान खाली घातली. "जेवणाची सुट्टी होती तेव्हा गेले होते, साहेब. वॉर्डाचं काम खोळंबू दिलं नाही."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. ही असं का बोलतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी दुसरा वाचला. "माझी गाडी चुकली. मी पोचलो तेव्हा बायको गेलेली होती. ही मावशी तिचा हात हातात घेऊन बसली होती. तिची पाळी संपून तीन तास झाले होते. तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, तुम्ही येईपर्यंत थांबते असं मी त्यांना सांगितलं होतं. माझी बायको एकटी गेली नाही."

मावशीचा आवाज अगदी बारीक झाला. "पाळी संपल्यावर वॉर्डात थांबायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, साहेब."

आता भाऊंना कळलं, तिला हे सगळे आपल्यावरचे आरोपच वाटत होते. त्यांना वाटलं, इथेच थांबावं, पुढचं वाचूच नये. पण तिसरा कागद हातात होता.

"बिल्ला एकशेचौदा," त्यांनी सुरुवात केली. "ही बाई थंडीत हात कोमट पाण्यात धरते आणि मग मला धरते. कुशीवर वळवायच्या आधी सांगते. माझं ताट फिरवते. मला वाटायचं, मला रोज दोनदा वाढतात. ती माझ्याकडे आली की मी सबंध माणूस आहे असं वाटतं. हिला कुणीतरी बरं म्हणा. माझा धाकटा भाऊ याच ऑफिसात आहे. तो वाचेल."

मावशीने मुठीतला बिल्ला टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते. "ताट फिरवायला नको होतं का, साहेब?" ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांचं पोट भरतंय. चुकलं माझं. परत नाही करणार."

भाऊ खुर्चीचा हात धरून उभे होते. भर खोलीत, अधीक्षकांसमोर, सुपरवायझरसमोर, एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ते रडले.

"मावशी," ते म्हणाले, "चूक तुमची नाही. हे सगळं तुमच्या कौतुकाचं आहे. लोकांनी तुमचं चांगलं लिहिलं होतं. मी वाचलंच नाही. चूक माझी आहे. नुसता नंबर बघितला मी."

मावशीला ते पटकन समजलं नाही. तिने सुपरवायझरकडे पाहिलं, अधीक्षकांकडे पाहिलं. "कौतुकाचं?" ती म्हणाली. "लेखी?"

सुपरवायझर चुळबुळला. "पण नाव कमी झालंय. कागद पुढं गेलाय. आता खुलाशात तिनेच चूक मान्य..."

"तो खुलासा फाडा," भाऊ म्हणाले. त्यांनी खिशातून आणखी एक अर्ज काढला. सकाळीच खिळ्यावरून फाडून आणला होता. त्यावर हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं: तक्रार विभाग, भाऊ. मधली सगळी जागा बारीक अक्षराने भरली होती, आणि खालची पट्टी दुमडलेली नव्हती. "साहेब, हा माझ्यावरचा अर्ज. एकच आहे, पण वाचा. सगळा वाचा."

अधीक्षकांनी तो वाचायला घेतला. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि काही न बोलता मावशीचा खुलासा उभा फाडला. "बिल्ला लावा, मावशी," ते म्हणाले. "आजपासून वॉर्ड सात."

मावशीने बिल्ला लावला. पिन दोनदा निसटली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "साहेब, ते तिसरं कुणाचं होतं? अक्कांचं ना? त्या नीट जेवतात ना हो?"

"नाही जेवत," भाऊ म्हणाले. "तुम्ही या."

*

दुपारचं ताट आलं तेव्हा मावशी पाळीच्या आधीच हजर होती. तिने नळाचं गरम पाणी हातावर घेतलं, हात पुसले, अक्काला सांगितलं आणि मग उठवून बसवलं. स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं. भाऊ त्यावर बसले. आज वही त्यांनी ऑफिसातच ठेवली होती.

"मग?" अक्का म्हणाली. "आज कोण चांगलं वागलं?"

भाऊंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लाल खूण, लाँड्री, खुलासा, मावशी काय म्हणाली ते, आणि आपण एकतीस वर्षं माणसांचे कागद वाचलेच नाहीत, हेही. अक्का जेवायची थांबली. तिला राग येईल, ती चार शब्द सुनावेल, असं भाऊंना वाटलं होतं. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि बाकीच्यांचं रे?" तिने विचारलं.

मावशीने ताट अलगद फिरवलं, आणि अक्का पुन्हा जेवायला लागली.

भाऊ खाली आले. रेकॉर्डच्या बाईंनी विचारायच्या आधीच त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि भिंतीकडच्या कपाटाचं कुलूप उघडलं. खालपासून वरपर्यंत गठ्ठे होते, वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेले. भाऊ सात वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यापाशी गेले आणि लिफ्टवाल्याचे तीन कागद काढले.

पहिल्या कागदात, लिफ्ट उशिरा आणली म्हणून तक्रार होती. दुसऱ्यात, उर्मटपणे बोलला म्हणून. तिसरा कागद भाऊंनी उभ्या उभ्याच वाचला.

"लिफ्ट बंद होती. माझ्या वडिलांना चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. लिफ्टवाल्याने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि मध्ये दोनदा थांबून वर नेलं. वर गेल्यावर त्यांच्या पायातले जोडे काढून खाटेखाली सरळ ठेवले. वडील आता नाहीत. पण त्या दिवशी ते फार हसले होते. याचं नाव कुठेतरी लिहून ठेवा."

भाऊंनी तो पुन्हा एकदा वाचला. मग खुर्चीत बसले.

"बाई, लिफ्टवाल्याचा पत्ता आहे का आपल्याकडे?"

बाईंनी एक जुनी वही चाळली. वही मिटून त्या म्हणाल्या, "पत्ता आहे, भाऊ. पण ते गेले. दोन वर्षं झाली. बायको असते तिथं. इथून काढल्यावर ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत म्हणे. आपण काय वाईट केलं, एवढंच विचारत राहायचे."

कपाट उघडंच होतं. भाऊंनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्या ऑफिसातला अर्ज आजवर कधी इस्पितळाबाहेर गेला नव्हता.

"त्यांच्या बायकोला वाचता येतं का?"

"नाही बहुतेक. त्यांचा पगार न्यायला यायची तेव्हा अंगठाच द्यायची."

"मग मी वाचून दाखवतो," भाऊ म्हणाले आणि उठून चपला घालायला लागले.